साइमाच्या काठावरचा वास

ओइवाला बोलता येत नाही, असं आमच्याकडे कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. येतं त्याला बोलता. फक्त तो तळ्याबद्दल बोलतो, आणि तेही विचारलं तर. पाण्यात ऑक्सिजन किती, तळाशी गारठा किती, यंदा पाणी आंबट झालंय का, एवढं विचारा आणि खुर्ची ओढून बसा. 'कसा आहेस?' विचारलंत तर तो 'ठीक' म्हणेल आणि टोपी कपाळावर ओढेल. मग लोक म्हणणार, मुखदुर्बळ आहे हो. अरे, प्रश्न तुम्ही चुकीचा विचारलात, त्याला तो बापडा काय करणार!

मी इर्या. दर गुरुवारी दुकानाची गाडी घेऊन लाहनायार्वी तळ्याच्या दोन्ही काठांना फिरते. दूध, कॉफी, काळा पाव, सॉसेज, टॉर्चचे सेल, कुणाची औषधं, कुणाच्या चहाड्या, सगळं माझ्या गाडीत. गावातलं दुकान बंद पडलं, शाळा बंद पडली, बस तर कधीच गेली. आता मी येते तेव्हाच लोकांना कळतं की गुरुवार आहे. नवरा गेल्यापासून माझ्याही घरात बोलायला रेडिओच आहे, त्यामुळे गाडीत कुणी चढलं की मी त्याला सहज सोडत नाही. ओइवा हे माझं सगळ्यात कमी बोलणारं गिऱ्हाईक, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात लाडकं.

तो लाकडाच्या गिरणीत होता. बायको तरुणपणीच स्वीडनला कारखान्यात कामाला म्हणून गेली, ती गेलीच. सुरुवातीला नाताळला कार्ड यायचं, मग तेही थांबलं. त्याने दुसरं लग्न केलं नाही, पहिल्याबद्दल तक्रारही केली नाही. गिरणीतून निवृत्त झाला त्याच वर्षी वसंतात बर्फ फुटला आणि आमच्या काठाला मासेच मासे लागले, पांढरी पोटं वर करून. वरच्या जाड बर्फाखाली सगळ्यांचा श्वास कोंडला होता. गावभर असा वास सुटला की बायकांनी धुणी बाहेर वाळत घालायचं सोडलं. सगळे नाकाला रुमाल लावून नगरपालिकेला शिव्या देत होते आणि ओइवा एकटा ढकलगाडी भरभरून मासे नेऊन बटाट्याच्या शेतात पुरत होता. एकटाच, कित्येक दिवस. मी म्हटलं, "अरे, कुणाला तरी हाताखाली घे." तर म्हणे, "कशाला, त्यांना वास येतो."

त्या शरदात पाण्याचं बघणारी संस्था आहे, तिने सभा घेतली. तळ्याकाठी राहणारा कुणीतरी हवा होता, हिवाळाभर बर्फाखालचं पाणी मोजणारा. आमच्याकडे सभेत हात वर करणारा माणूस दिसला तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. सगळे टेबलाकडे बघत बसले. ओइवाने हात वर केला.

तेव्हापासून दर शनिवारी तो बर्फावर. गिरमिटाने भोक पाडायचं, मग मुठीत मावेल एवढा मीटर, त्याची लांबच लांब केबल, आणि केबलीच्या टोकाला अंगठ्याएवढी दांडी. ती मीटर मीटर खाली सोडत आकडे घ्यायचे. त्यातही मेख आहे. ती दांडी स्वतःच थोडा ऑक्सिजन खाते. पाण्यात स्थिर धरली तर आपल्याभोवतीचा संपवते आणि आकडा घसरत जातो, चांगल्या पाण्यावर उगाच आळ येतो. म्हणून केबल सारखी हळूहळू वरखाली करत राहायची, पाळणा हलवतात तशी. उणे वीसमध्ये, हातमोजा काढलेल्या हाताने. शिवाय वर्षातून दोनदा तळाचा गाळ काढायचा. पारदर्शक नळी खाली ठोकून वर ओढली की तिच्यात गाळ जसाच्या तसा उभा येतो, वर थोडं पाणी. त्यात सुईसारखा बारीक सेन्सर केसाकेसाने खाली उतरवायचा, म्हणजे गाळात कुठवर जीव आहे ते कळतं. गाळ बिघडला असला तर काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांचा वास मारतो. हे सगळं मला त्याने सांगितलंय, एका गुरुवारात नाही, चार-पाच वर्षांत मिळून.

आता साइमा. आमचं तळं मध्ये अंग चोरल्यासारखं बारीक झालंय, त्याला आम्ही कंबर म्हणतो. कंबरेच्या या काठाला ओइवाचं घर, त्या काठाला साइमाचं पिवळं घर. साइमा शाळेत स्वयंपाकीण होती. अर्ध्या गावाने तिच्या हातचं वाटाण्याचं सूप खाल्लंय आणि तिच्या शिव्याही. विधवा, कमरेचं दुखणं, जीभ शाबूत. बर्फावरून ओइवाकडून तिच्याकडे चालत जायला काही वेळ लागत नाही. रस्त्याने म्हणाल तर अख्ख्या तळ्याला वळसा, तीस किलोमीटर. ओइवाचा गाडी चालवायचा परवाना डोळ्यांच्या दुखण्यात गेला. त्यामुळे बर्फ हाच त्याचा रस्ता. दर हिवाळ्यात बर्फ धरला की तो कुऱ्हाड घेऊन निघायचा आणि आपल्या काठापासून तिच्या काठापर्यंत स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या रोवत जायचा. वादळात वाट चुकू नये म्हणून आमच्याकडे रोवतात तशा. त्या वाटेने दुसरं कुणी जायचं नाही, पण फांद्या मात्र सरळ रेषेत.

आणि मोजायचं भोक कंबरेच्या मधोमध, कारण तळं तिथेच सगळ्यात खोल. मोजून झालं की ओइवा तिच्या दारात. "अर्ध्यात आलोच होतो, म्हटलं…" वाक्य तिथेच संपायचं. साइमा म्हणायची, "हात गारठले असतील. कॉफी उरलीय थोडी." उरलीय म्हणे! पहाटेपासून वेलचीचे गोड पाव भाजत बसलेली असायची. तिला वेलची मी विकते, मला काय सांगता? पण दोघांनी हे नाटक वर्षानुवर्षं एकदाही न चुकता केलं. त्याच्याकडे भोकाचं कारण, तिच्याकडे उरलेल्या कॉफीचं. उन्हाळ्यात तो होडीने यायचा, तेव्हा तिच्या बाजूला जाळं टाकलेलं असायचं. कारणाशिवाय कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे आमच्याकडे दरोडाच.

गेल्या नाताळाआधीच्या गुरुवारी साइमा गाडीत चढली आणि म्हणाली, "वेलची लहान पुडी दे."

"का गं? पाव सोडलेस?"

"उरवून कशाला ठेवायची. बर्फ फुटला की मी चालले. तुर्कूला, मुलीकडे. या कमरेने आता सरपण ओढवत नाही. घराला गिऱ्हाईकसुद्धा मिळालंय."

माझ्या हातातून पुडी सुटली. "ओइवाला सांगितलंस?"

"त्याला कशाला? त्याचं काय त्यात?" ती कॉफीच्या डब्यांकडे बघत म्हणाली.

त्याच दुपारी मी पलीकडे जाऊन ओइवाला सांगून टाकलं. हो, सांगितलं! कुणीतरी सांगायलाच हवं होतं. तो सॉसेजचं पाकीट हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "हं." पैसे दिले, पायरीवर थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "बर्फ फुटायला मे उजाडतो. हिवाळा लांबला तर आणखी थोडे दिवस."

मी त्याला ओळखते. एवढ्या दोन वाक्यांत त्याने आपलं सगळं सांगून टाकलं होतं. म्हणजे आता एवढाच एक हिवाळा, आणि त्यातले शनिवार.

जानेवारीत बर्फ पडला तो पडतच राहिला. बर्फावर जाड बर्फ साचला की खाली उजेड जात नाही, आणि गाळ तर खातच राहतो. शनिवारगणिक आकडा उतरायला लागला. संस्थेशी ठरलेलं होतं, तळाजवळ तीनच्या खाली गेला की हवापंप चालू करायचा. त्या खेपेला मासे मेल्यानंतर संस्थेने कंबरेत तराफ्यावर पंप बसवला होता, वीज ओइवाच्या होडीघरातून. पण पंप चालला की वरचं पाणी उघडं पडतं आणि आजूबाजूचा बर्फ आतून पोखरतो. कंबर अशी चिंचोळी की काठापासून काठापर्यंत सगळंच धोक्याचं. पंप चालू म्हणजे वाट बंद, थेट बर्फ फुटेपर्यंत. तोवर कधी वेळ आली नव्हती.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मी तिथे होते. माझी गाडी गुरुवारपासून ओइवाच्या चढावर रुतून बसली होती, ती काढायला दोर घेऊन आले होते. तो म्हणाला, "आधी मोजून येतो." मी म्हटलं, चल, मीही येते, निदान पाय तरी मोकळे होतील.

भोक पाडलं, केबल सोडली. तो गुडघ्यावर बसून हात वरखाली करत होता आणि मीटरकडे बघत होता. मीही वाकून बघितलं. दोन पूर्णांक सहा. त्याने केबल वर घेतली, दांडी पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा तेवढंच. पलीकडे साइमाच्या धुरांड्यातून धूर सरळ वर चालला होता.

"जरा जोरात हलव की," मी म्हटलं. "आकडा वर येईल."

"येईल."

"मग हलव ना! पाव-अर्ध्याचा तर फरक आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

"दांडीला हवेचा बुडबुडा अडकवला तर आणखी वर येईल," तो म्हणाला. "पाच दाखवील. सहा दाखवील." आणि खरोखर त्याने क्षणभर दांडी पाण्याबाहेर धरली, थेंब गळत. मला वाटलं, हा करणार. करू दे बाई, मी मनात म्हटलं, मासे गेले खड्ड्यात. मग त्याने ती बोटाने पुसली आणि अलगद पाण्यात सोडली. "पण खाली दोन पूर्णांक सहाच असेल."

त्याने संस्थेतल्या तुइयाला फोन केला. तुइया कामाची मुलगी आहे, तिने लगेच सांगितलं, आजच लावा आणि धोक्याच्या पाट्या उभ्या करा. ओइवा म्हणाला, "संध्याकाळपर्यंत लावतो." मग घसरगाडी रेटत पलीकडे गेला.

तिथे काय झालं ते मला नंतर साइमाने सांगितलं. तो नेहमीसारखा आत आला, कॉफी प्याला, दोन पाव खाल्ले. मग म्हणाला, "पंप लावतोय. आता येता यायचं नाही." साइमा म्हणाली, "बरं करतोयस. नाहीतर मासे मरायचे." बस्स. एवढंच! दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं की नाही तुम्हाला?

येताना मात्र मी त्याला होडीघरापाशी उभी राहून बघत होते. वाट बंद करायची म्हणजे खुणाही काढायच्या, नाहीतर कुणीतरी फसायचं. तर तो तिच्या काठापासून एकेक फांदी उपटत, घसरगाडीवर टाकत, हळूहळू इकडे येत होता. मागे काही उरत नव्हतं, नुसता पांढरा बर्फ. शेवटची फांदी काढली, होडीघरात गेला आणि बटण दाबलं. कंबरेत पाणी बुडबुडायला लागलं. माझी गाडी त्याने नंतर काढून दिली. मी आभार मानले तर म्हणाला, "त्यात काय." मला रडू येत होतं आणि हा 'त्यात काय'!

त्यानंतरचे आठवडे फार वाईट गेले. मोजायचं काम होतंच, पण तुइयाने आता जागा बदलून दिली होती, त्याच्याच काठाजवळ, सुरक्षित बर्फावर. मोजायचा आणि घरी यायचा. आकडा चढत होता. मी अभिनंदन केलं तर म्हणाला, "हं." खिडकीपाशी खुर्ची आली होती, ती आधी तिथे नसायची. खिडकीतून काय दिसणार? काळं उघडं पाणी, पिवळ्या पाट्या आणि पलीकडे धूर. फोन आहे ना, म्हणाल. आहे की. पण काही झालं असेल तर माणूस फोन करतो, आणि काही झालं नव्हतं.

"गुरुवारी माझ्या गाडीत बस," मी त्याला सांगितलं. "तिकडे सोडते, फिरून येताना उचलते."

"कशाला उगाच त्रास."

"त्रास मला आहे ना? मग माझं मी बघते."

"तिकडे मोजायचं काही नाही," तो म्हणाला. झालं! माझ्यासमोर दार लावल्यासारखं ते वाक्य.

पलीकडे हीच गत. साइमा सामान घेताना हटकून विचारायची, "पंप चालतोय ना?" अगं, तुला आवाज येतोय की रात्रंदिवस! मग थोड्या वेळाने, "जेवतो का नीट?"

"जाऊन विचार. बस गाडीत."

"काय कारण सांगू?" साइमाने विचारलं, आणि ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कारण हवं होतं. मी हात टेकले. तिच्या स्वयंपाकघरात खोकी यायला लागली होती, कपाटं अर्धी रिकामी. भिंतीवर घड्याळ होतं तिथे नुसता फिकट डाग.

मार्चच्या शेवटी तुइयाचा फोन आला. "इर्या, जरा मदत कर. साइमाबाईंची तक्रार आलीय. त्यांच्या काठाला कुजक्या अंड्यांचा घाण वास येतोय म्हणे. गाळ तपासायला हवा. ओइवाला गाडीने तिकडे नेशील?"

"वास?" मी म्हटलं. आदल्याच गुरुवारी मी तिथे होते. सरपणाच्या धुराशिवाय कसला वास नव्हता. आणि मग माझी ट्यूब पेटली. मी जीभ चावली. "हो हो, वास आहे. भयंकर आहे. उद्याच नेते."

ओइवाने नळ्या, गिरमिट, मीटर, सुईची पेटी, सगळं गाडीत बटाट्याच्या पोत्यांमध्ये नीट लावलं. दाढी केली होती, हनुवटीवर कापलंही होतं. वाटेत एकदाच म्हणाला, "तिच्या काठाला वास म्हणजे विचित्र आहे. तिकडे वाळूच जास्त आहे." मी म्हटलं, "निसर्गाचं काय सांगावं."

साइमा धक्क्यावर शाल गुंडाळून उभी होती. "आलास," ती म्हणाली. "मोजायला आलोय," तो म्हणाला. झालं बोलणं. त्याने धक्क्याला लागूनच, उथळ पाण्यावरच्या भक्कम बर्फात भोक पाडलं, केबल सोडली, ऑक्सिजन बघितला, नळी ठोकून गाळ वर काढला. पण थंडी अशी की सुईच्या मीटरची बॅटरीच गारठून बसली. साइमा म्हणाली, "मग आत आण की. टेबलावर."

आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मेणकापडावर एका बाजूला वेलचीचे पाव, एका बाजूला कॉफी, आणि मधोमध नळीत उभा तळ्याचा गाळ. ओइवा स्क्रू फिरवत सुई केसाकेसाने खाली उतरवत होता. डोळा मीटरवर, श्वास धरलेला. मी साइमाकडे बघितलं. ती गाळाकडे बघतच नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती, हनुवटीवर कापलं होतं तिकडे बघत होती. आपल्या घरातून निघताना माणूस सगळं एकदा नीट बघून घेतं ना, तसं. मला तिथे बसवेना. मी तिसरा पाव घेतला, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

शेवटी त्याने सुई काढली, नळीला नाक लावलं, प्रामाणिकपणे दोनदा हुंगलं. चेहरा असा खुलला की काय सांगू.

"काही दोष नाही," तो म्हणाला. "गाळ एकदम चांगला आहे. वास नाही."

"नाही?" साइमा म्हणाली.

"बिलकुल नाही."

"कधीकधी येतो. संध्याकाळचा."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर लाथ मारली. त्याने पाय बाजूला घेतला आणि मला म्हणाला, "माफ कर."

"काळजी करू नकोस," त्याने साइमाला सांगितलं. तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं हो, त्या गाढवाने! "पाणी स्वच्छ आहे. आता पुन्हा मोजायला यायची गरज पडायची नाही."

साइमा उठली आणि त्याचा कप उचलला. अजून अर्धा भरलेला होता. "बरं," ती म्हणाली. तिथूनच त्याने तुइयाला फोन लावला, दोष नाही, तक्रार मिटली. नळ्या भरल्या, टोपी घातली. साइमा दारापर्यंतही आली नाही, नळाखाली कप धूत उभी राहिली.

मी गाडी सुरू केली ती रागातच. दही मागच्या बाजूला घरंगळलं, घरंगळू दे. ओइवा समाधानाने बसला होता. वळणं गेली, जंगल गेलं, फाटा आला. मग तो म्हणाला, "वास नव्हताच."

"नव्हताच."

"म्हणजे आधीही नसणार. एवढा चांगला गाळ एका आठवड्यात होत नाही."

"नाही होत."

"तिचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

"ओइवा," मी म्हटलं, "साइमाने जन्मभर शाळेच्या पोरांसाठी अंडी उकडलीत. कुजकं अंडं तिला कळत नाही?"

"म्हणजे ती खोटं बोलली," तो हळूच म्हणाला. "संस्थेशी."

"संस्थेशी!" मी ब्रेकच मारला, भर रस्त्यात. "अरे माझ्या कर्मा! संस्थेशी! तिचं घर खोक्यांत भरलंय, महिन्या-दीड महिन्याने ती या गावात नसेल, आणि ती तुझ्यासाठी तळ्याला कुजकं म्हणाली रे! स्वतःच्या काठाला! आणि तू तिला काय सांगून आलास? पुन्हा यायची गरज नाही!"

मागून बर्फ ओढणारं यंत्र आलं आणि भोंगा वाजवायला लागलं. मी काच खाली करून त्याला हाताने 'जा' म्हटलं. त्यातला ड्रायव्हर शिव्या देत बाजूने गेला. ओइवा समोर बघत होता. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता 'हं' म्हणेल, आणि म्हणाला असता ना, तर मी त्याला तिथेच उतरवलं असतं.

"गाडी वळव," तो म्हणाला.

परत येईपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. मी अंगणात गाडी थांबवली. त्याने सवयीने मीटरच्या पेटीला हात घातला, मग पेटी तिथेच ठेवली आणि उतरला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. एकदा खिशात घातले, मग काढले. माझी काच खाली होती आणि मी ती वर केली नाही. का करू?

साइमाने दार उघडलं. डोळे लाल होते. "काय राहिलं?"

"काही नाही."

"मग मीटर बिघडला?"

"मीटर गाडीत आहे." तो थांबला. मी गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. "मोजायचं काही नाही. मी तुझ्याकडे आलोय."

छपरावरून वितळलेलं पाणी टपटपत होतं.

"एवढी वर्षं लागली होय रे तुला?" साइमा शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आता, मी निघाल्यावर?"

"तू निघालीस म्हणूनच," ओइवा म्हणाला. "नाहीतर मला जमलंच नसतं."

"आत ये मग. गारठा शिरतोय."

मी इंजिन बंद केलं. पुढच्या गावात लोक दुधासाठी खोळंबले होते. खोळंबू देत, एक दिवस उशिरा प्याले तर मरत नाहीत. मी गाडीत बसून मनसोक्त रडले आणि मग उरलेलं दही एकटीने खाल्लं.

त्यानंतरचा प्रत्येक गुरुवार तो माझ्या गाडीने गेला, पेटी न घेता. फार नव्हतेच उरलेले. मेमध्ये बर्फ फुटला. मासे सगळे जिवंत, एकसुद्धा पोट वर करून आला नाही. गावात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण जे घडलंच नाही त्याबद्दल कोण बोलणार? साइमाची मुलगी मोठी गाडी घेऊन आली. ओइवा होडीने पलीकडे गेला, खोकी चढवायला हातभार लावला आणि निघताना साइमाने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात धरून ठेवला. मुलगी घड्याळ बघायला लागली तरी सोडला नाही.

जूनमध्ये एकदा तो गाडीत चढला तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मला गप्प बसवतं थोडंच. मी विचारलंच, "ओइवा, खरं सांग. पंप लावल्याचा पस्तावा होतो?"

मला वाटलं होतं, मासे वाचले, असं काहीतरी म्हणेल. तसं म्हणायचा त्याला हक्क होता.

"होतो," तो म्हणाला. "रोज."

"आणि या हिवाळ्यात आकडा पुन्हा उतरला तर?"

"तर लावेन." तो पावाच्या फळीकडे बघत राहिला. "आता लावणं सोपं आहे. पलीकडे कुणी नाही."

त्याने काळा पाव घेतला, दुधाचा लहान डबा घेतला, सुटे पैसे मोजून दिले आणि पिशवी घेऊन चढावर घराकडे निघाला.